दिव्यावर आलेला मोठा पतंग कोणत्या घराण्यातला, कसा ओळखायचा

एक-दोन चांगले पाऊस झाले की आपल्या खान्देशात, त्यातही यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला, दिव्यावर मोठमोठे पतंग येतात आणि आपण सगळ्यांना रातचं फुलपाखरू म्हणून मोकळे होतो. ओळखायचे असतील तर दोरीवर पांढरी चादर टाका, समोर बल्ब लावा, अमावस्येच्या आसपासची रात्र असली तर उत्तम.

यातले बरेच बॉम्बिकॉइडिया या एका मोठ्या कुळातले, आत घराणी वेगवेगळी. आधी पंख बघायचे. रुंद, पसरलेले आणि त्यावर डोळ्यासारखा गोल ठिपका असेल तर सॅटर्निडी, म्हणजे रानरेशीमवाले. टसरचा पतंग यातलाच, त्याची अळी ऐन, अर्जुन, बोरीवर वाढते, आणि फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा मून मॉथ पण यातलाच. मिशा पिसासारख्या रुंद दिसल्या तर नर समजा, मादीचा वास तो लांबून त्यांनीच पकडतो. यांना खाण्यापुरतं तोंडच नसतं हो, अळी असताना जे खाल्लं त्यावर साधारण आठवडाभर जगतात आणि तेवढ्यात जोडी जमवायची असते, म्हणून डबीत कोंडू नका प्लीज.

पंख अरुंद, जेट विमानासारखे मागे वळलेले, अंग जाड नि टोकदार असेल तर हॉक मॉथ, घराणं स्फिंजिडी. यातले बरेच लांब सोंडेने फुलासमोर हवेत थांबून रस पितात. पाठीवर कवटीची खूण असलेला पण यातलाच, तो पोळ्यात शिरून मध पितो, धरला की चीं चीं ओरडतो, आणि अपशकुनी म्हणून लोक त्याला चपलेने मारतात याचं फार वाईट वाटतं, तो माणसाला काहीच करत नाही.

अळी तर अजून सोपी. शेपटीकडे शिंग म्हणजे बहुतेक हॉक मॉथ. तिळावर, वांग्यावर कवटीवाल्याची, कण्हेरीवर निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली दुसऱ्याची. तुतीवरच्या रेशीम अळीलाही बारीक शिंग असतं, म्हणून झाड कोणतं तेही बघा. रेशीमवाले कोष विणतात, हॉक मॉथची अळी बहुतेक वेळा मातीत जाते. शिंग टोचत नाही, त्यामुळे तिळावर दोन-चार दिसल्या तर फवारा कशाला, हाताने वेचा. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणाऱ्या केसाळ अळ्यांना मात्र हात लावू नका, खाज सुटते. त्या युप्टेरोटिडी, याच कुळातल्या.

फोटो झाले की बल्ब बंद करा, रात्रभर चालू राहिला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि सकाळी पक्षी येऊन टिपतात.