जपानच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी राहायला जाताय? आधी हे वाचा

टोकियो-क्योटो सगळेच करतात, पण जमलं तर दोन रात्री एखाद्या शेतकरी कुटुंबात राहाच. याला तिकडे नोका मिन्पाकु म्हणतात. क्युशू बेटावरच्या ओइता प्रांतात आजिमु नावाचं द्राक्षांचं गाव आहे, तिथल्या लोकांनी 1996 मध्ये ग्रीन टुरिझमचा गट काढला आणि पाहुण्यांना आपल्याच घरात ठेवायला लागले, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला मी हेच गाव सांगते.

बुकिंग करतानाच खाण्याचं स्पष्ट बोला, हे सगळ्यात महत्त्वाचं. नुसतं व्हेज म्हणून चालत नाही हो, कारण मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, सगळ्यात दाशी, म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, असते आणि ती बहुतेक वेळा कात्सुओबुशीची म्हणजे सुकवलेल्या माशाची, आणि करणाऱ्या बाईंना त्यात मासे आहेत असं वाटतही नाही. म्हणून असं लिहून पाठवा: "निकु तो साकाना वा ताबेमासेन. कात्सुओ नो दाशी मो ताबेमासेन. कोंबु तो शीताके नो दाशी वा दाइजोबु देस." म्हणजे मांस-मासे नको, माशाची दाशीही नको, कोंबु (समुद्री शेवाळ) आणि शीताके मशरूमची चालेल. सुकवलेल्या शीताके मशरूमच्या उत्पादनात ओइता जपानात पहिला, त्यामुळे तिथे ही दाशी करणं अजिबात अवघड नाही. पण हे आधी सांगायचं, ताटं मांडल्यावर नाही. त्या माउलीने दुपारपासून खपून केलेलं असतं, ते समोर आल्यावर नको म्हणणं फार वाईट दिसतं.

पोचायची वेळ नक्की कळवा आणि उशीर होणार असेल तर फोन करा, कारण बस अगदी मोजक्या असतात, घरचे बरेचदा गाडी घेऊन न्यायला येतात आणि जेवणं सहा-सातलाच होतात. घरातल्यांना ओतोसान (बाबा), ओकासान (आई) म्हटलं तरी चालतं, त्यांना आवडतं. दारात बूट काढून टोकं बाहेरच्या बाजूला करून ठेवा, आतल्या चपला ताटामीवर, म्हणजे खोलीतल्या गवताच्या चटयांवर, न्यायच्या नाहीत, आणि टॉयलेटच्या चपला वेगळ्या, त्या घालून बाहेर येऊ नका.

आता आंघोळ. टबमध्ये शिरायचं ते स्वच्छ होऊन! बाहेर बसून साबण लावून, डोकं धुवून, फेस पूर्ण काढून मग पाण्यात बसायचं, ते पाणी साधारण 40-42 डिग्री असतं आणि घरातले सगळे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात, पाहुण्याला बहुतेक पहिला नंबर देतात. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही आणि निघताना बूच काढून पाणी सोडून द्यायचं नाही, झाकण घालून पाणी तसंच ठेवायचं. आपल्याला बादलीची सवय, त्यामुळे हे लक्षात ठेवावं लागतं.

थंडीत जाणार असाल तर थर्मल न्याच, जुनी घरं फार गार असतात, कोतात्सूत, म्हणजे खाली हीटर आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलाखाली, पाय घातले की बरं वाटतं पण रात्री खोलीत हीटर बरेचदा बंद करतात. सकाळी फुतोन, म्हणजे जमिनीवर घातलेली गादी, घडी करून ठेवा.

भेट म्हणून चिक्की किंवा बाकरवडी न्या, छोटी पाकिटं असली तर शेजाऱ्यांना वाटता येतात. ताजे आंबे किंवा मांसाचं काही नेऊ नका, विमानतळावर अडवतात.

आणि कामात हात घाला प्लीज. तण काढणं, शरद ऋतूत पर्सिमनची फळं सोलून दोरीला टांगणं, जे चाललं असेल ते. भाषा येत नसली तरी शेजारी बसून सोलताना ओळख होते, खोलीत मोबाइल घेऊन बसलात तर होत नाही. पैसे रोख, कोऱ्या नोटा पाकिटात घालून द्या, कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही.