धारेच्या ग्राइंडरला मोटर कोणती लावायची

इंदूरच्या सियागंज बाजारात जाऊन ग्राइंडरला मोटर पाहिजे म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, "भिया, कितने एचपी की?" आणि आपण पण ऐटीत सांगून टाकतो, एक द्या, दीड द्या. मी पण तेच केलेलं. पण पटाशी, रंध्याचं पातं, लाकडाच्या लेथची हत्यारं यांना धार लावायची असेल तर एचपीचा नंबर बराच मागे लागतो, आधी आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेरे, ते विचारा.

आपल्याकडे लाइट 50 हर्ट्झची, म्हणून साधी इंडक्शन मोटर दोनच स्पीडात जास्त करून मिळते, टू पोल म्हणजे लोडवर 2800-2880 च्या आसपास आणि फोर पोल म्हणजे 1400-1440. आता 8 इंची चाक घ्या, त्याचा घेर साधारण 63 सेंटीमीटर, 1440 वर ते सेकंदाला 24 वेळा फिरतं म्हणजे कडेचा स्पीड झाला सेकंदाला 15 मीटर, आणि तेच चाक टू पोलवर टाकलं की सरळ 30. लोखंडाचा बर (कापल्यावर राहिलेली खरबरीत कड) मारायला 30 छान आहे पण पटाशीची पातळ धार त्याच्यावर बघता बघता निळी पडते, आणि कार्बन स्टील निळं पडलं म्हणजे 300 डिग्रीच्या आसपास गेलं, तिथली कडकपणा संपली, ती धार परत घासून मागे नेल्याशिवाय टिकत नाही. म्हणून धारेसाठी मी डोळे मिटून फोर पोल सांगतो. आणि 10 इंची चाक टू पोलवर तर लावूच नका, कडेला 37 मीटर होतात आणि बरीचशी साधी चाकं 33-35 मीटरचीच असतात. चाकाच्या कागदावर मॅक्सिमम आरपीएम छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.

एचपीचं म्हणाल तर 6 इंचीला पाव ते अर्धा, 8 इंचीला अर्धा ते पाऊण पुष्कळ झाला. प्लेटवर किलोवॅट लिहिलेले असतात, 0.37 म्हणजे अर्धा, 0.55 म्हणजे पाऊण, 0.75 म्हणजे एक. बेल्ट ग्राइंडर बनवत असाल, तो 2 बाय 72 इंची पट्ट्याचा, तर गोष्ट वेगळी, तिथे दीड-दोन एचपी लागतोच, नाहीतर जरा दाबलं की बेल्ट थांबतो.

आता माझी फजिती. कबाड्याकडून पाण्याच्या पंपाची जुनी अर्धा एचपीची मोटर आणली, स्वस्त मिळाली म्हणून खूश होतो. एक तर ती टू पोल, वर बॉडीला हवेसाठी भोकं, आणि ग्राइंडरची धूळ म्हणजे लोखंडाचा बारीक चुरा, तो त्या भोकांतून आत गेला आणि आतल्या सेंट्रिफ्यूगल स्विचच्या (सुरू होताना जोर देणारं वाइंडिंग जोडणारा, स्पीड आला की तोडणारा) पॉइंटवर जाऊन बसला. एके दिवशी स्विच दाबला तर नुसतं हुंऽऽ, फिरेचना, मी येड्यासारखा चाकाला हाताने धक्का देऊन चालवून राहिलो (हे तुम्ही करू नका), मग वास आला, मग धूर. वाइंडिंगवाल्याने उघडून दाखवलं तेव्हा आत अक्षरशः काळी रांगोळी. तर मोटर पूर्ण बंद बॉडीची, मागे बाहेरून पंखा असलेलीच घ्या, प्लेटवर टीईएफसी किंवा आयपी 55 असं काहीतरी असतं. ड्यूटी पण बघा, एस1 म्हणजे सतत चालणारी, एस2 30 मिनिट लिहिलं असेल तर अर्ध्या तासाने तिला थंड व्हायला सोडावं लागतं.

कूलरची मोटर फुकट मिळाली तरी नको, जोर कमी आणि स्वतःच्याच पंख्याच्या हवेवर ती थंड होते, पंखा काढला की तापलीच. मिक्सर किंवा ड्रिलची कार्बन-ब्रशवाली तर अजिबात नको, लोड नसला की स्पीड कुठल्या कुठे जातो आणि चाकाला तेच नको असतं. कपडे धुवायच्या मशीनची मोटर मात्र पॉलिशच्या बफला (कापडी चाकाला) बरी चालते, धारेला कमी पडते.

सिंगल फेजमध्ये कपॅसिटर स्टार्ट कपॅसिटर रन मागा, म्हणजे सुरू व्हायला आणि चालताना दोन्ही वेळी कपॅसिटर असलेली. फुल लोडवर एक एचपीला 6-7 अँपिअर लागतात, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट खेचते, म्हणून घरातल्या 6 अँपिअरच्या सॉकेटवर चालवू नका, 16 चा पॉइंट घ्या आणि अर्थिंग खरंच आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या.

माझ्या मावसभावाचं सांवेर रोडला फॅब्रिकेशन आहे, त्याच्याकडे थ्री फेज मोटर पडून होती आणि घरी तर थ्री फेज नाही, तेव्हा व्हीएफडी लावला, म्हणजे सिंगल फेजचे थ्री फेज करून स्पीड कमी-जास्त करणारा डबा. इथे एक गोष्ट लोक विसरतात. सिंगल फेजवर चालणारा साधा व्हीएफडी 230 चेच थ्री फेज देतो, आणि आपल्या छोट्या मोटरी बहुतेक 415 ला स्टारमध्ये (तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं एका गाठीत) जोडलेल्या असतात, मग तशीच लावली तर जोर मिळत नाही आणि माणूस मोटरला शिव्या देतो. टर्मिनल बॉक्स उघडून सहा टोकं बाहेर आहेत का बघा, असतील तर पट्ट्या फिरवून डेल्टा (तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात) करा, 415 ला 1.73 ने भागलं की 240 येतात, हिशोब बरोबर बसतो. तीनच टोकं असतील तर वाइंडिंगवाल्याला आतली गाठ सोडून सहा काढून द्यायला सांगायचं. पण व्हीएफडी कपॅसिटरवाल्या सिंगल फेज मोटरला लावायचा नाही, आणि स्पीड फार खाली ठेवून तासभर घासत बसायचं नाही कारण मागचा पंखा पण तेवढाच हळू होतो.

जुनी घेत असाल तर शाफ्ट धरून वर-खाली हलवा, खडखड आली तर बेअरिंग गेलं, ते काही मोठं नाही, 6204 वगैरे कुठेही मिळतं, फक्त रबर सीलचं टाका. वाइंडिंगला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, 500 व्होल्टवर एक मेगाओहमच्या खाली दाखवलं तर नको म्हणा.

चाक थेट मोटरच्या शाफ्टवर बसवायचं का? मी नाही बसवत. वेगळा स्पिंडल (चाकाचा दांडा) दोन बेअरिंग ब्लॉकवर, मागे मोटर, मध्ये व्ही-बेल्ट, धुळीपासून मोटर लांब राहते आणि पुली बदलून स्पीड पण बदलता येतो. थेटच बसवायचं असेल तर टर्नरकडून स्लीव्ह करून घ्या, दोन्हीकडचे फ्लँज (चाक दाबून धरणाऱ्या चकत्या) सारख्या मापाचे आणि चाकाच्या किमान एक तृतीयांश हवेत, म्हणजे 8 इंचीला 68 मिलीमीटर तरी, आणि समोर उभं राहिल्यावर डाव्या हाताच्या चाकाची चुडी (आटे) उलटी, नाहीतर नट आपोआप सुटतो.

आणि साधा घरचा स्विच लावू नका, हिरवं-लाल बटणवाला स्टार्टर लावा. लाइट जाते, तुम्ही चाकावर हात ठेवून काहीतरी साफ करत बसता, आणि लाइट येते. स्टार्टर असला तर हिरवं परत दाबल्याशिवाय मोटर हलत नाही.