मॉडेल रेल्वेचा फलाट बांधायचा तर सुरुवात कडेपासून

लेआउटवरचं, म्हणजे बोर्डावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवरचं, सगळ्यात सोपं काम म्हणजे फलाट असं बऱ्याच जणांना वाटतं. एक लांब पट्टी कापायची, राखाडी रंग मारायचा, वर चार माणसं उभी करायची, झालं. मग लांब डबा पहिल्यांदा वळणावरून येतो आणि त्याचा कोपरा फलाटाला घासतो, किंवा उलट, मध्ये एवढी फट राहते की छोट्या प्रवाशांना उडी मारून गाडीत चढावं लागेल. माझं मत विचाराल तर फलाटात जे काही बिघडतं ते कडेवर बिघडतं. रंग, बाकडी, दिवे नंतर कधीही बदलता येतात, पण कड चुकली की सगळं उखडावं लागतं. म्हणून रूळ टाकून झाले, गाड्या नीट धावायला लागल्या, की मगच फलाटाला हात घाला आणि तोपर्यंत खडीसुद्धा टाकू नका.

आधी उंची. ही नेहमी रुळाच्या माथ्यापासून मोजायची, खालच्या बोर्डापासून नाही. युरोपात खरे फलाट बहुतेक ५५० किंवा ७६० मिमी उंचीचे असतात, ब्रिटनमध्ये ९१५ मिमी, आपल्याकडचे उंच फलाट ७६० ते ८४० मिमी, आणि अमेरिकेत कित्येक स्टेशनांवर फक्त २०० मिमीच्या आसपास, म्हणजे जवळजवळ जमिनीलगतच. हे आकडे आपल्या स्केलने, म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा जितके पट लहान त्या आकड्याने, भागायचे. एचओ म्हणजे १:८७, तिथे ७६० चे ८.७ मिमी होतात आणि ५५० चे ६.३. ब्रिटिश ओओ म्हणजे १:७६, त्यात ९१५ चे बरोबर १२ मिमी. एन स्केलला, १:१६० ला, ७६० चे पावणेपाच मिमी. यात रुळाखालचा कॉर्क आणि स्लीपरसकट रुळाची उंची मिळवायची. समजा कॉर्क ३ मिमी आणि रूळ ५ मिमी, तर एचओमध्ये ७६० वाला फलाट बोर्डापासून १६.७ मिमी उंच येईल. रुळाची उंची दुसऱ्या कोणाच्या आकड्यावर धरू नका, कॅलिपरने स्वतः मोजा, वेगवेगळ्या रुळांची ती वेगळी असते. आणि अर्धा मिमी कमी पडला तर कोणाच्या लक्षात येत नाही, जास्त झाला तर इंजिनाची पायरी अडकते, त्यामुळे शंका असेल तिथे कमीच ठेवा.

आता अंतर. हे रुळाच्या मध्यरेषेपासून मोजलेलं बरं, कारण मग गेजचा, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराचा, घोळ राहत नाही. एचओमधला साधारण ३ मीटर रुंदीचा डबा ३४.५ मिमी भरतो, म्हणजे मध्यापासून सव्वासतरा. सरळ रुळावर कड १९ मिमीवर ठेवली की पावणेदोन मिमीची फट राहते आणि दिसायलाही छान दिसतं. ओओमध्येही ब्रिटनचा खरा नियम स्केलवर उतरवला की आकडा १९ च्याच जवळ येतो, पण बाहेर सिलिंडर असलेली वाफेची इंजिनं बऱ्याचदा प्रमाणापेक्षा जरा रुंद बनवलेली असतात, ती पळवत असाल तर एखादा मिमी जास्त सोडा.

खरी गंमत वळणावर. लांब डबा वळणावर असतो तेव्हा त्याचं पोट आतल्या बाजूला सरकतं आणि दोन्ही टोकं बाहेर जातात. किती सरकतात ते काढायला अवघड काही नाही. दोन बोगींच्या (बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालचा चाकांचा गाडा) मध्यांमधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि त्रिज्येच्या आठपटीने भागा, हे झालं आतलं सरकणं. बाहेरच्यासाठी डब्याच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून बोगींच्या अंतराचा वर्ग वजा करायचा आणि पुन्हा त्रिज्येच्या आठपटीनेच भागायचं. उदाहरण म्हणून पूर्ण लांबीचा एचओ डबा घेऊ, ३०३ मिमी लांब आणि बोगींमध्ये २१८ मिमी. ६०० मिमी त्रिज्येवर हा आत जवळजवळ १० मिमी येतो आणि बाहेर सव्वानऊ मिमी जातो! म्हणजे १९ ची कड सरळ २९ वर गेली. त्रिज्या १५०० केली की तेच सरकणं ४ मिमीवर येतं. स्टेशन वळणावर घ्यायचंच असेल तर तिथे घरातली सगळ्यात मोठी त्रिज्या वापरा असं सगळे सांगतात ते यासाठीच.

फलाट वळणाच्या आत घ्यायचा की बाहेर याचा विचार फारसा कोणी करत नाही. डब्याची दारं टोकांना असतील तर फलाट बाहेरच्या बाजूला बरा, कारण तिथे टोकं म्हणजे दारं कडेजवळ येतात आणि फट मधल्या खिडक्यांसमोर राहते. आतल्या बाजूला घेतलात तर पोट चिकटतं आणि दारांसमोर खड्डा पडतो. दारं मधोमध असलेल्या गाडीला बरोबर याच्या उलटं.

फॉर्म्युला आवडत नसेल तर पेन्सिलवाली पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर फॉर्म्युला वापरलात तरी ही कराच. रुळाच्या दोन्ही बाजूंना जाड कागद टेपने चिकटवा, सगळ्यात लांब डब्याच्या पोटाला आतल्या बाजूने आणि टोकांना बाहेरच्या बाजूने पेन्सिलचा तुकडा असा बांधा की त्याचं टोक कागदाला टेकेल, आणि डबा हाताने हळूहळू ढकलत न्या. कागदावर जी रेघ उमटते तिथपर्यंत गाडी येते, त्यापुढे दीड-दोन मिमी सोडून कड. मग तेच सगळ्यात रुंद इंजिनाने करा. यात दिसेल की सरकणं वळणाच्या आधीच सुरू होतं, कारण मागची बोगी सरळ रुळावर असतानाच पुढची वळलेली असते. म्हणून सरळ फलाट वळणापासून किंवा रूळ जिथे दुभागतात त्या सांध्यापासून निदान एका डब्याच्या लांबीइतका लांब सुरू करा, तेवढी जागा नसेल तर त्या टप्प्यात कड पेन्सिलच्या रेघेप्रमाणे हळूहळू मागे घ्या.

लांबी रुंदीबद्दल थोडक्यात. डब्यांची लांबी गुणिले डबे अधिक इंजिन, झाली लांबी. जागा पुरत नसेल (कोणाचीच पुरत नाही) तर पादचारी पूल किंवा रस्त्याचा पूल फलाटाच्या एका टोकावर घ्या, फलाट पलीकडे चालूच आहे असं वाटतं. रुंदी मात्र कंजूषपणे कापू नका. एचओमध्ये एका बाजूच्या फलाटाला ४० मिमी आणि दोन रुळांच्या मधल्या फलाटाला ७० ते ८० मिमी तरी द्या, जिना आला की त्याच्या दोन्ही बाजूंना माणूस चालेल एवढी जागा लागतेच.

साच्यासाठी रुळांवर मोठा कागद अंथरा आणि मेणखडू आडवा धरून घासा, रुळांचे माथे कागदावर जसेच्या तसे उमटतात. त्यावरून मध्यरेषा, मध्यरेषेवरून कड, मग पुठ्ठ्यावर साचा कापून जागेवर ठेवा आणि गाड्या पळवा. इथे कापाकापी फुकटात होते, नंतर महागात पडते.

अंगासाठी मला ५ मिमी फोमबोर्ड सगळ्यात सोयीचा वाटतो. तीन थर झाले १५ मिमी, वर १ मिमीची प्लॅस्टिक शीट, झाले १६, त्यावर पृष्ठभागाचा कागद, म्हणजे वरच्या हिशोबाला पुरेसं जवळ आलं. ब्लेड नवीन घ्या, स्टीलची पट्टी धरा, आणि एका दमात न कापता हलके तीन-चार हात मारा, नाहीतर आतला फोम फाटतो. चिकटवायला पांढरा गोंदच, कारण सॉल्व्हंट असलेला गोंद किंवा स्प्रे पेंट फोमला अक्षरशः खाऊन टाकतो. लेआउट उचलून नेणार असाल तर एमडीएफ किंवा प्लायवूड जास्त टिकाऊ. नुसत्या पुठ्ठ्याचा फलाट हवेतल्या ओलाव्याने वाकतो, तो करायचाच तर रंगाआधी दोन्ही बाजूंना लाखेचा किंवा लॅकरचा हात द्या, एकाच बाजूला दिलात तर उलट जास्त वाकेल. आणि प्लॅस्टिक शीटची पोकळ पेटी बनवत असाल तर तळाला भोकं ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक चिकटवायच्या गोंदाची वाफ आत कोंडते आणि काही दिवसांनी भिंती आत ओढल्या जातात.

मग कडेची भिंत. विटांची एम्बॉस केलेली शीट किंवा छापील कागद, दोन्ही चालतात, रुळाकडची बाजू तशीही सावलीत असते त्यामुळे इथे तासन्‌तास घालवू नका. वर जी दगडाची किंवा काँक्रीटची लादी असते ती मात्र नीट करा, नजर तिथेच जाते. १ मिमी जाडीची प्लॅस्टिक पट्टी घ्या आणि भिंतीच्या थोडी पुढे आलेली बसवा. ब्रिटिश फलाटांवर हा पुढावा साधारण ३०० मिमी असतो, ओओमध्ये ४ मिमी. वर मोजलेलं अंतर या लादीच्या टोकापर्यंतचं, भिंतीपर्यंतचं नाही, हे विसरू नका. लाद्यांच्या सांध्यांसाठी दर १० मिमीला सुरीच्या पाठीने चीर द्या, आणि वळणावर ही चीर त्रिज्येच्या दिशेने असू द्या.

डांबरी पृष्ठभागासाठी ४०० ते ६०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून त्यावर मॅट राखाडी, किंवा रंगातच थोडी टाल्कम पावडर. काळा रंग कधीच नको, खरं डांबर जुनं झालं की बऱ्यापैकी फिकट होतं. कागदाचा जोड येणारच, तो खांबाच्या किंवा टपरीच्या खाली लपवा. दोन बोर्ड जिथे जुळतात तिथे फलाटही कापलेला पाहिजे, तो काप लादीच्या रेषेवर आणलात की दिसत नाही.

काळाचं भान ठेवा, एवढीच एक कटकट. दृष्टिहीनांसाठीची ती उंचवट्यांची पिवळी पट्टी जपानमध्ये सेइइची मियाके यांनी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामात रस्त्यावर पहिल्यांदा बसवली गेली, स्टेशनांवर ती त्यानंतर आली. तुमचा लेआउट १९५० च्या वाफेच्या इंजिनांचा असेल तर पिवळी पट्टी काढा, कितीही छान दिसत असली तरी.

टोकाचा उतार १:६ पेक्षा उभा नको. १६ मिमी उंचीला म्हणजे जवळजवळ १०० मिमी उतार, आणि ही लांबी गाडी उभी राहण्याच्या लांबीत धरायची नाही.

दिव्यांचं काम वरची शीट चिकटवण्याआधी करा. खालच्या थरात वायरसाठी चर कापून ठेवा. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की साधारण ९ मिलिअँपियर जातात आणि फलाट स्टेडियमसारखा उजळतो, ४.७ किलोओहम लावून बघा, २ मिलिअँपियरमध्ये रात्रीचं स्टेशन जमतं. प्रत्येक दिव्याला स्वतःचा रेझिस्टर द्या, आणि सगळ्या वायरी एका छोट्या प्लगवर आणा.

माणसं सारख्या अंतरावर उभी करू नका. जिन्यापाशी आणि छपराखाली घोळका, बाकीचा फलाट जवळजवळ रिकामा, असंच असतं. नावाच्या पाट्या दोन्ही टोकांना, येणाऱ्या गाडीतून वाचता येतील अशा तिरक्या.

आणि फलाट बोर्डाला चिकटवू नका. बोर्डात दोन-तीन पिना उभ्या करायच्या, फलाटाच्या तळाला तेवढीच भोकं, बास, बसतो आणि हलत नाही. रूळ पुसायचे असोत, दिवा गेला असो किंवा उद्या आणखी लांब डबे घेतलेत आणि कड दोन मिमी मागे घ्यायची वेळ आली, प्लग काढून अख्खा फलाट टेबलावर आणता येतो. खडी टाकताना तो उचलून ठेवा, जागेवर ठेवूनच खडी टाकलीत तर गोंद खाली झिरपतो आणि पिना असूनही फलाट कायमचा बसतो. सुकल्यावर परत बसवा आणि सगळ्यात लांब गाडी एकदा पुढे, एकदा मागे, अगदी सावकाश न्या, कारण कडेला चिकटून राहिलेला खडीचा एखादा दाणासुद्धा डब्याची पायरी अडवायला पुरतो.