क्रिबेन्सिसच्या टाकीत कोरल नको

क्रिबेन्सिस हा सिक्लिड कुळातला छोटा आफ्रिकन मासा. 'आफ्रिकन सिक्लिड' म्हटलं की दुकानदार पाणी जड करणारा कोरलचा (प्रवाळाचा) चुरा पुढे करतो. तो मलावी-टांगानिका या तलावांतल्या माशांसाठी. तिथलं पाणी जड (क्षार जास्त असलेलं), अल्कधर्मी. क्रिबेन्सिस हा नायजेरिया-कॅमेरूनकडच्या नद्याओढ्यांतला. मुंबईच्या नळाला येणारं धरणाचं मऊ पाणी त्याला छान मानवतं. क्लोरीन मारायला हायपो (सोडियम थायोसल्फेटचे खडे) टाकायचं, बस्स. सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असतील तर मात्र आधी टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा.

एका जोडीला दोन फुटी टाकी, स्पंज फिल्टर आणि तळाला बारीक वाळू. वाळू बारीकच हवी, कारण हे मासे दिवसभर उकरतात. गुहा म्हणून मी करवंटी उपडी ठेवते, कडेला दोन बोटं जातील एवढं भोक पाडून. खोबऱ्याचा कणही राहू देऊ नका, करवंटी दोनदा उकळा, नाहीतर पाणी गढुळतं. पाणी किंचित आम्लधर्मी करायला बदामाची पानं टाकतात, ती पाकिटातली कशाला घ्यायची? रस्त्यावर ढिगानं पडतात. पूर्ण वाळलेली, औषध न फवारलेल्या झाडाची घ्या.

जोडी ओळखणं सोपं. नर लांबट, पाठीच्या परांना टोक असलेला. मादी आखूड, गोल, आणि इथे नटते तीच! पोट कोकमासारखं लालजांभळं करून, अंग वाकवून नरापुढे थरथरते. पुढे ती करवंटीत गडप झाली आणि खाण्यापुरतीच बाहेर येऊ लागली, की आत छताला अंडी आहेत असं समजा. उचलून बघायचा मोह आवरा. ती आत, नर बाहेर पहाऱ्याला.

अंडी तीनेक दिवसांत फुटतात. साधारण आठवड्यानं पिल्लं आईमागे बाहेर पडतात. तेव्हापासून ताजे उबवलेले ब्राइन श्रिम्प (खाऱ्या पाण्यातले अगदी बारीक जीव), दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे. एक गंमत: पाणी आम्लधर्मी असेल तर पिल्लांत नर जास्त निघतात. म्हणून जोडी जमायला लागली की मी पानं कमी करते आणि पीएच ७ च्या आसपास ठेवते.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला. सोबतीला वरच्या थरात पोहणारे झेब्रा डानिओ चालतात. तळाशी फिरणारे कोरीडोरास मासे नकोत. पिल्लं असताना क्रिब त्यांना फाडून काढतात.