क्रूपची रात्र: अंधार पडायच्या आत करायची तयारी

डॉक्टरांनी बाळाला तपासून ‘सौम्य क्रूप आहे, घरी सांभाळा’ असं सांगितलं असेल, तर दुपारीच कामाला लागा. या विषाणूच्या आजारात स्वरयंत्राखाली सूज येऊन वाट अरुंद होते, आणि कुत्रा भुंकल्यासारखा खोकला नेमका रात्री वाढतो. डांग्या खोकला तो वेगळा. यात साधारण दोन-तीन रात्री कठीण जातात.

आधी औषधं एका ताटलीत काढा. डेक्सामेथासोनचा (सूज उतरवणारं स्टेरॉइड) डोस दिला असेल तर किती वाजता दिला ते लिहा. तापासाठी पॅरासिटामॉलची एकच बाटली बाहेर ठेवा. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं, सिरपच्या 5 मिलीमध्ये 120, 125 किंवा 250. झोपेत बाटली बदलली की डोस चुकतो. बाळाच्या वजनानुसार किती मिली, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. उरलेलं खोकल्याचं औषध कपाटात बंद करा, त्याचा इथे उपयोग नाही. ओवा-लसणाची धुरी, कापूर आणि गरम पाण्याचं भांडंही नको. वाफेने क्रूप बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही, भाजण्याची भीती मात्र खरी आहे. आजीला हे दुपारीच शांतपणे सांगा, रात्री वाद नको.

उशाशी पाणी, वाटी-चमचा, आवडती गोधडी. अंगावरचं दूध चालूच ठेवा. बाळाला कडेवर कोण घेणार, तेही ठरवा. माझी लेक दीड वर्षाची असताना मी घाबरून रडले, मला बघून ती रडली, आणि तिच्या श्वासाचा घर्र आवाज दुप्पट झाला. रडण्याने त्रास वाढतो. म्हणून ज्याचा आवाज शांत राहतो त्याने बाळाला ताठ धरून बसायचं. गोधडीत गुंडाळून गॅलरीच्या थंड हवेत थोडा वेळ नेलं तर काही मुलांना बरं वाटतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाळ शांत असताना बनियन वर करून, उजेडात, गळ्याखालची खळगी आणि फासळ्यांमधली जागा बघून ठेवा. रात्री तीच जागा श्वासागणिक आत ओढली जात असेल, रडत नसतानाही श्वास घेताना घर्र आवाज येत असेल, ओठ निळसर दिसत असतील, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल किंवा मूल मलूल पडलं असेल, तर सकाळची वाट बघू नका. घशात चमचा घालून बघू नका. शेंगदाणा खाताना अचानक ठसका लागून हे सुरू झालं असेल, तरी लगेच निघा.

त्यासाठी 108 नंबर, रात्री बालरोगतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयाचा पत्ता, फाइल, पैसे आणि गाडीची किल्ली दाराजवळ हवी. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं नेब्युलायझेशन (मास्कमधून श्वासावाटे औषध) दिलं तर मूल पटकन मोकळं दिसतं, पण तो परिणाम दोनेक तासांत ओसरू शकतो. म्हणून डॉक्टर थांबवून घेतात. बाळाचे जादा कपडे आणि दुपटं पिशवीत आधीच भरून ठेवा.