‘ऑथेल्लो’चा पहिला अंक : पात्रांचे हेतू कसे वाचावेत

शोकांतिकेचा पहिला अंक वाचून झाला की बहुतेक वाचक पात्रांची यादी करतात आणि प्रत्येक नावापुढे एकेक गुण लिहून मोकळे होतात : नायक शूर, नायिका निष्ठावान, खलनायक मत्सरी. परीक्षेपुरते हे चालून जाते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’त मात्र एकच पात्र आपल्या वैराचे एक कारण मित्राला सांगते आणि एकटे असताना दुसरेच सांगते, त्यामुळे अशा यादीतून हाती काही लागत नाही. पात्राने स्वतःच्या तोंडाने सांगितलेले कारण हा त्याचा हेतू असेलच असे नाही. ते कारण कोणासमोर सांगितले गेले आणि त्या क्षणी ऐकणाऱ्याकडून काय पदरात पाडून घ्यायचे होते, हे पाहिल्याशिवाय हेतू कळत नाही.

वाचायला बसताना एक वही घ्यावी आणि पानावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात बोलणारा व ऐकणारा, दुसऱ्यात बोलणाऱ्याने दिलेले कारण, तिसऱ्यात त्याला त्या वेळी हवी असलेली गोष्ट. तिसरा रकाना सावकाश भरावा, आणि प्रस्तावना मात्र पहिल्या वाचनाच्या वेळी बाजूला ठेवावी, कारण विद्वान संपादक खलनायक इयागोबद्दलचा निकाल आधीच देऊन टाकतात आणि मग वाचक संहितेत फक्त त्या निकालाचे पुरावे शोधत बसतो.

पहिल्या प्रवेशात व्हेनिसच्या रस्त्यावर, रात्रीच्या वेळी, रॉडरिगो आणि इयागो यांचे भांडण चालू असतानाच नाटक सुरू होते. रॉडरिगोची तक्रार पैशाची आहे : माझ्या थैलीच्या दोऱ्या जणू तुझ्याच हातात असल्यासारखे तू वागलास, आणि तरीही ज्या डेस्डेमोनासाठी मी झुरतो तिच्या लग्नाची बातमी मला दिली नाहीस. पुढे तो इयागोला आठवण करून देतो की, त्या मूरचा (म्हणजे आफ्रिकी वंशाच्या सेनापती ऑथेल्लोचा, ज्याच्याशी डेस्डेमोनाने लग्न केले आहे) आपण द्वेष करतो असे तूच मला म्हणाला होतास. यावर इयागो आपली सुप्रसिद्ध कैफियत मांडतो. शहरातल्या तीन बड्या असामींनी शब्द टाकूनही सेनापतीने लेफ्टनंटचे पद आपल्याला न देता मायकेल कॅशिओ या फ्लॉरेन्सच्या माणसाला दिले. ज्याने रणांगणावर कधी एक तुकडीही उभी केली नाही, तो पुस्तकी हिशेबनीस वर चढला आणि आपण ध्वजधारीच राहिलो.

ही कैफियत दुसऱ्या रकान्यात जशीच्या तशी उतरवावी, पण तिसऱ्या रकान्याशी येताच थांबावे. इयागोला या क्षणी काय हवे आहे? पैसे देणारा माणूस हातचा जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी आपला द्वेष खरा आहे हे त्याला पटवणे भाग आहे, आणि बढतीची तक्रार हा त्या द्वेषाचा पुरावा म्हणून पुढे केला जात आहे. ती खोटी आहे असे यावरून ठरत नाही. इतकेच ठरते की ती गरजेच्या वेळी आणि गिऱ्हाइकासमोर बोलली गेली आहे. त्याच संवादात ‘मी जो आहे तो मी नाही’ असेही इयागो सांगून टाकतो, आणि रॉडरिगो ते ऐकूनही ऐकत नाही. फसवणाऱ्याने फसवणूक उघड सांगावी आणि ऐकणाऱ्याने ती आपल्याला लागू नाही असे समजावे, यातून रॉडरिगोचा स्वभाव जितका कळतो तितका त्याच्या साऱ्या प्रेमविलापांतून कळत नाही.

या प्रवेशात आणखी एक नोंद करावी. ज्याच्याबद्दल सगळे बोलत आहेत त्याचे नाव इथे एकदाही उच्चारले जात नाही. ‘मूर’ म्हणतात, त्याच्या ओठांवरून हिणवतात, त्याला जनावरांच्या उपमा देतात. ऑथेल्लो हे नाव प्रथम येते ते तिसऱ्या प्रवेशात, व्हेनिसचा प्रमुख असलेल्या ड्यूकच्या तोंडी, आणि तेही ‘शूर’ या विशेषणासह. गैरहजर माणसाविषयी जे बोलले जाते ते बोलणाऱ्याच्या खात्यावर जमा करावे, त्या माणसाच्या नव्हे. तो स्वतः समोर येईपर्यंत त्याचे पान कोरे ठेवलेले बरे.

डेस्डेमोनाचा बाप ब्रॅबॅन्शिओ याच्या खिडकीखालचा गोंधळ अगदी जवळून वाचण्यासारखा आहे. चोर आल्याची आरोळी ठोकताना इयागो घर, मुलगी आणि पैशांच्या थैल्या एका दमात मोजतो, कारण या म्हाताऱ्याला कुठे टोचले की तो जागा होईल हे त्याला माहीत आहे. ब्रॅबॅन्शिओ आधी रॉडरिगोला ओळखून झिडकारतो : माझ्या दाराशी घुटमळू नकोस असे तुला बजावले होते. मुलगी खरोखरच घरात नाही हे कळताच काही ओळींतच तो त्याच रॉडरिगोला म्हणतो की, तिला तूच नेले असतेस तर बरे झाले असते. या दोन वाक्यांमध्ये रॉडरिगो तसूभरही सुधारलेला नाही. बदलली आहे ती तुलना. असे दोन टोकांचे बोल वहीत शेजारी शेजारी लिहिले की बापाचा हेतू उलगडतो, आणि त्यात मुलीच्या सुखाला फारशी जागा नाही हेही दिसते.

दुसरा प्रवेश लहान आहे आणि त्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. इयागो आता ऑथेल्लोसमोर स्वामिनिष्ठ शिपाई झाला आहे आणि तुमची निंदा करणाऱ्याला बरगडीखाली भोसकावे असे नऊ-दहा वेळा मनात आले, असे सांगतो. मघाचा आणि आताचा इयागो यांच्या नोंदी एकाखाली एक ठेवल्या की पुरे. ऑथेल्लोचे मात्र एक वाक्य टिपून ठेवावे : तलवारी म्यान करा, नाहीतर दवाने गंजतील. शिव्या देत आलेल्या जमावापुढे इतका शांत राहणारा माणूस पुढे कसा कोसळतो, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

तिसऱ्या प्रवेशाच्या आरंभीची राजसभा अनेक वाचक घाईने उलटून जातात. खरे तर पूर्ण अंकात वाचनाचा इतका चांगला पाठ दुसरा नाही. तुर्की आरमाराच्या बातम्या आल्या आहेत. एका पत्रात 107 गलबते, दुसऱ्यात 140, तिसऱ्यात 200. आकडे जुळत नाहीत, पण आरमार व्हेनिसच्या ताब्यातील सायप्रस बेटाकडे येत आहे यावर सर्व पत्रांचे एकमत आहे, आणि ड्यूक तेवढेच धरून चालतो. तेवढ्यात आरमार ऱ्होड्सकडे वळल्याचा निरोप येतो. एक सभासद ते मानायला तयार नाही : तुर्कांच्या लेखी सायप्रसचे मोल अधिक आणि त्याचे संरक्षण दुबळे, तेव्हा हा आपली नजर भलतीकडे वळवण्यासाठी केलेला देखावा आहे. पुढचा निरोप त्याचेच म्हणणे खरे ठरवतो. दिसते काय याच्याऐवजी कोणाचा फायदा कशात आहे हे विचारणारी ही माणसे शत्रूचे सोंग ओळखतात, आणि त्याच दालनात थोड्या वेळाने डेस्डेमोनाला सेनापती ज्याच्या हवाली करतो त्या ‘प्रामाणिक’ इयागोवर कोणी शंकाही घेत नाही.

ड्यूकचा हेतूही याच ठिकाणी पकडता येतो. मुलीला कोणी भुलवून नेले असे गाऱ्हाणे ब्रॅबॅन्शिओने मांडताच, आरोपी माझा मुलगा असला तरी कायद्याचे कठोर कलम तुम्हीच वाचा, असे तो वचन देतो. आरोपी ऑथेल्लो निघतो, ज्याला आज रात्रीच युद्धावर धाडायचे आहे, आणि वचनाची धार बोथट होते. ऑथेल्लोची कहाणी ऐकून ही गोष्ट माझ्या मुलीलाही जिंकून घेईल असे तो म्हणतो, ते मनापासून असेल. पण सायप्रस संकटात नसते तर निवाडा इतक्या सहज झाला असता का, हे तिसऱ्या रकान्यात प्रश्नचिन्हासह लिहावे.

डेस्डेमोना निव्वळ बळी म्हणून वाचण्याची सवय इथे मोडावी लागते. ऑथेल्लोच्याच सांगण्यानुसार पहिली खूण तिने केली : तुमचा कोणी मित्र माझ्यावर प्रेम करीत असेल तर त्याला ही कहाणी सांगायला शिकवा, मी वश होईन. सभेत ती बापाचे ऋण मान्य करून पतीची बाजू घेते आणि मागे राहायला नकार देते. ऑथेल्लोच्या वाक्यात मात्र एक बारीक फट आहे. आपण सोसलेल्या संकटांसाठी तिने आपल्यावर प्रेम केले आणि तिला वाटलेल्या कळवळ्यासाठी आपण तिच्यावर, असे तो म्हणतो. म्हणजे तिच्या डोळ्यांत त्याला स्वतःची कहाणी दिसते. ‘हिने बापाला फसवले, तुलाही फसवील’ हे ब्रॅबॅन्शिओचे जाताजाताचे वाक्य तो त्या वेळी झटकून टाकतो. जवळ उभा असलेला इयागो ते ऐकतो आणि तिसऱ्या अंकात वापरतो.

अंकाच्या शेवटच्या स्वगतात प्रथमच ऐकणारा कोणी नाही, म्हणून इथे खरा हेतू मिळेल अशी अपेक्षा असते. शब्दांचा क्रम तपासावा. मी मूरचा द्वेष करतो, असे इयागो आधी म्हणतो, आणि ‘कारण’ न म्हणता ‘आणि’ म्हणून पुढे सांगतो की त्याने माझ्या शय्येवर माझी जागा घेतली अशी बोलवा आहे. खरे की खोटे ठाऊक नाही, पण नुसत्या संशयावर मी ते खरे धरून वागेन. द्वेष आधी, कारण नंतर. बढतीच्या अन्यायाचा इथे उच्चारही नाही. कॅशिओची जागा आठवते ती डावातले एक बक्षीस म्हणून. इंग्रज कवी आणि समीक्षक कोलरिजने या स्वगताबद्दल म्हटले होते की, हेतूच नसलेला दुष्टावा इथे हेतूंची शिकार करीत फिरतो. हे मत जरूर वाचावे, पण स्वतःचे रकाने भरून झाल्यावर, कारण ते इतके आकर्षक आहे की त्यापुढे विचार थांबतो. शेक्सपिअरने ज्या इटालियन कथेवरून हे नाटक रचले, त्या चिंथिओच्या 1565 मधील कथेत ध्वजधारी नायिकेवर भाळलेला असतो आणि तिने दाद न दिल्याने सूडाला पेटतो. इतके सोयीचे कारण आयते हाताशी असताना नाटककाराने ते बाजूला सारले, हे ध्यानात घेतले की इयागोच्या कारणांमधली विसंगती निष्काळजीपणाने आली असावी असे वाटत नाही.

तेव्हा इयागोपुढचा दुसरा रकाना भरलेला आणि तिसरा अर्धवट राहिला तर तो जबरदस्तीने पूर्ण करू नये. दुसऱ्या अंकात तो डेस्डेमोनावरच्या प्रेमाचा उल्लेख करणार आहे आणि कॅशिओवरही आपल्या पत्नीविषयी संशय घेणार आहे. त्या नोंदींसाठी त्याच पानावर जागा सोडावी.