शाळेची परसबाग : एका वाफ्यापासून सुरुवात

शाळेची परसबाग वाळते ती बहुधा मे महिन्यात. आम्ही पहिल्या वर्षी फेब्रुवारीअखेर भेंडी लावली. ती तोडणीला आली तेव्हा मुले परीक्षेत गुंतली होती आणि नंतर गावी गेली. म्हणून पुण्यात जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर भेंडी, चवळी आणि लाल भोपळा लावावा, दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक, मुळा घ्यावा आणि मार्चअखेर वाफा रिकामा करून पालापाचोळ्याने झाकून ठेवावा.

जागेला किमान सहा तास ऊन हवे. शहरातील आवारात थोडे खणले की मुरूम किंवा बांधकामाचा राडारोडा लागतो, त्यामुळे खोल खणण्यापेक्षा सिमेंट न वापरता विटा रचून फूटभर उंचीचा वाफा करावा. लांबी सोयीनुसार ठेवावी, रुंदी मात्र तीन फुटांपलीकडे नेऊ नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मधोमध पोहोचतो. तळाशी रसवंतीगृहातून आणलेली उसाची चिपाडे (दोन दिवस उन्हात वाळवून, नाहीतर मुंग्यांचा ताप होतो), त्यावर पालापाचोळा आणि वर कंपोस्ट मिसळलेली माती घालावी. चिपाडे कुजतील तसा वाफा खचत जातो. कडेला पट्टी रोवून मुलांना दर सोमवारी मातीची पातळी नोंदवायला सांगावे. कुजणे म्हणजे काय, हे फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा त्या उतरत्या आकड्यांतून लवकर कळते.

पेरणीआधी चवळीचे दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावेत. चार-पाच दिवसांत आठ उगवले, तर उगवण ८० टक्के, आणि शेकडेवारीचा धडाही तिथेच होतो.

माझ्या मते सर्वांत मोलाचा प्रयोग लाल भोपळ्याचा. वेल कुंपणावर चढवावा आणि फुले लागली की मुलांना सकाळी लवकर तिथे न्यावे, कारण दुपारपर्यंत फूल मिटते. (दुधीचे पांढरे फूल संध्याकाळी उमलत असल्याने ते शाळेच्या वेळेत उपयोगाचे नाही.) नर फुलाखाली नुसता देठ असतो, तर मादी फुलाखाली बोराएवढा भोपळा आधीच दिसतो. उद्या उमलणाऱ्या काही मादी कळ्या आदल्या दिवशीच पातळ कापडाने बांधाव्यात. सकाळी त्यांतील निम्म्यांवर नर फुलाचा पिवळा पराग हलक्या हाताने फिरवावा, खुणेचा दोरा बांधावा आणि सगळ्यांवर पुन्हा कापड चढवावे. पुढच्या काही दिवसांत पराग न मिळालेली इवली फळे पिवळी पडून गळतात, दोरा बांधलेली बरीचशी वाढू लागतात. ‘मधमाशी नसती तर?’ हा प्रश्न मग मुलेच विचारतात; शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये.

मावा दिसल्यास निंबोळी अर्क फवारावा, पण फवारणी मोठ्या माणसानेच करावी. निघालेली भाजी पोषण आहाराच्या स्वयंपाकात द्यावी आणि देण्यापूर्वी मुलांकडून तोलून घ्यावी.

दिवाळीच्या सुट्टीतील पाण्याची पाळी मात्र शाळा सुटण्याआधी लिहून फाटकाशी लावावी: शेजारच्या सोसायटीतील दोन आजी-आजोबा, जवळ राहणारे तीन पालक आणि शिपाईमामा, प्रत्येकाच्या नावापुढे वार.